शिवनाथच्या काठचा मुक्काम

कारखाना उभा राहत होता त्या वर्षांत माझ्या नवऱ्याचं घरातलं बोलणं कमी कमी होत गेलं. आम्ही भंडाऱ्याकडचे, धानाच्या शेतीतले. हे भिलाईला येऊन रिव्हेट ठोकणाऱ्या टोळीत लागले तेव्हा मुलगी कडेवर होती. मुलगा इथलाच जन्मलेला. ड्यूटीवरून आले की हातपाय धुवायचे, जेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. मुलांनी मागून काही विचारलं तर उत्तर नाही. मुलगा म्हणायचा, "बाबा माह्यावर गुस्सा हायेत." मी म्हणायची, "थकतेत रे ते." मलाही तसंच वाटत होतं.

एका हिवाळ्यात, धान कापून झाल्यावर, यांना लागून दोन सुट्ट्या मिळाल्या. गावाला जाऊन येण्याइतका वेळ नव्हता. तर हेच म्हणाले, "चला, नदीवर राहू. लहानपणी आमी गुरं घेऊन वैनगंगेच्या काठी राहत होतो, तसं. पोराईनं नुसता लाल धुरळाच पायला."

शेजारीण दारात उभी राहून आमची बांधाबांध पाहत होती. "चांगलं पक्कं क्वार्टर भेटलं, न् तुमी उघड्यावर झोपाले चालले? कावून?"

मी हसून कथऱ्यांची गाठ आवळली.

सायकलवर ताडपत्री, पांघरायला कथऱ्या, रांधायला जर्मनचा गंज, कणीक, वांगी आणि मीठ-मिरची लादली आणि निघालो. सुपेल्याच्या बाजारातून रिकामी परतणारी एक बैलगाडी भेटली. गाडीवाल्याचं गाव शिवनाथच्या काठावरच होतं. त्याने मुलांना आणि मला गाडीत घेतलं. हे सायकल हातात धरून मागून चालत आले. गावाच्या पुढे अर्जुनाची मोठी झाडं होती. गाडीवाल्याने तिथे उतरवलं आणि काही न घेता निघून गेला.

दोन झाडांच्या मध्ये दोर बांधून यांनी त्यावर ताडपत्री टाकली. मग वाळूत हाताने झिरा खोदला. आधी गढूळ पाणी आलं. ते उपसून टाकलं तसं खालून नितळ पाणी पाझरायला लागलं. नळाशिवाय पाणी मिळतं हे मुलांना खरंच वाटेना. मुलगी ओंजळी भरभरून पीत होती. मी पळसाची पानं तोडून आणली, विस्तव पेटवला आणि पानांत गुंडाळून भाजायच्या पानग्यांसाठी कणीक मळायला बसले.

ऊन कलतं झालं होतं. मुलगा खेकड्यांच्या मागे काठाकाठाने गेला आणि एका जागी गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला. हे त्याच्यापासून चार पावलांवर, पाठमोरे, वाळक्या काटक्या मोडत होते. मी विस्तवापाशी, बरीच लांब. "बाबा! बाबा!" त्याची हाक मला स्पष्ट ऐकू आली. पलीकडच्या काठावरचे बगळेसुद्धा उडाले. यांनी मान वळवली नाही. पोराने पुन्हा बोंब मारली, तरी हे आपले काटक्या मोडताहेत.

मी कणकेच्या हातांनी धावले. पण त्याआधी मुलगी पोचली आणि तिने बापाचा दंड धरून ओढला. हे वळले, पोराला पाहिलं आणि उडीच टाकली. मुलगा बाहेर आला. चप्पल मात्र चिखलातच राहिली.

"मी इतका चिल्लावून राहिलो होतो, तुमी आले कावून नाई?" मुलगा रडत रडत विचारत होता.

हे खाली बसून त्याच्या पायांचा चिखल पुसत राहिले. तेव्हा मुलगी समोर येऊन उभी राहिली. "बाबा, तुमाले ऐकू नाई आलं?"

यांनी तिच्या ओठांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "नाई आलं, माय," ते लेकीला म्हणाले.

पानगे विस्तवात टाकून आम्ही बसलो तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. लोखंडी टाकीच्या आत बसून रिव्हेट दाबून धरायचं आणि बाहेरून हातोडे पडायचे. सुरुवातीला संध्याकाळपर्यंत कानात घंटा वाजत. पुढे त्या सकाळपर्यंत वाजू लागल्या. मग आवाजच लांब लांब गेले.

"मले तरी सांगायचं," मी म्हणाले.

"काय सांगू? सायबाले समजलं त काढून टाकतीन, ह्याच धाकात होतो. घरी तुमी काई बोलले न् मी भलतंच उत्तर देल्लं त? त्यापेक्षा चूप राहिलेलं बरं वाटे."

मुलगा लगेच उठून त्यांच्या पुढ्यात जाऊन बसला, नाकाला नाक लागेल इतका जवळ, आणि ओरडला, "आता आलं ऐकू?" हे हसले. कित्येक महिन्यांनी मी त्यांना असं हसताना पाहिलं.

तेवढ्यात गाडीवाल्याची बायको डोक्यावर तणसाचा, धानाच्या वाळल्या पेंढ्याचा, भारा घेऊन आली. "लइका मन ला जाड़ लागही," ती म्हणाली. पोरांना थंडी वाजेल म्हणून नवऱ्याने आमचं सांगताच ती निघाली होती. तिने ताडपत्रीखाली तणस पसरून दिलं. राखेतून काढलेला पानगा पाहून तिला हसू आलं, "ये तो अंगाकर ए!" त्यांच्याकडे पानांत भाजलेल्या अशाच भाकरीला अंगाकर म्हणतात. आम्ही तिला बसवूनच घेतलं. वांग्याच्या भरताशी तिने आमचे पानगे खाल्ले आणि मीठ थोडं कमी पडलंय असंही सांगितलं. कमी पडलंच होतं.

तणसात आम्ही चौघंही ऊबदार झोपलो. सकाळी जाग आली तर बापलेक बाहेर बसलेले. आदल्या संध्याकाळी मी ओळखवून दिलेली पाखरं मुलगी यांच्या कानाला तोंड लावून सांगत होती, ही टिटवी, हा तितर, आणि प्रत्येकाचा आवाज काढून दाखवत होती. हे डोळे मिटून ऐकत होते. आलं का ऐकू, मी विचारलं नाही.

परतल्यावर यांनी हिंमत करून मुकादमाला सांगितलं. तो म्हातारा सरदारजी म्हणाला, "मेरा तो एक कान कब का गया." त्यानेच खटपट करून यांना अवजारांच्या स्टोअरमध्ये काम लावून दिलं. गेलेलं ऐकणं परत आलं नाही, पण होतं तेवढं शेवटपर्यंत टिकलं.

पुढे कितीतरी हिवाळे आम्ही त्या काठावर गेलो. आधी गाडीवाल्याच्या घरी जायचं, तणसाचा भारा घ्यायचा, मग नदी. त्या बाईचे आणि त्या मुकादमाचे उपकार मी अजून मोजू शकत नाही.

घरात एक सवय मात्र कायमची लागली. कोणीही बोलताना समोर येऊन, तोंडाकडे पाहूनच बोलायचं. मुलीचं लग्न झालं तेव्हा जावई पहिल्या सणाला आले आणि मला हळूच म्हणाले, "आई, ही बोलताना हातातलं काम ठेवून माह्याकडेच पायते. मले लय बरं वाटते." मी त्यांना आणखी एक पुरणपोळी वाढली.