आप्पांच्या तेलाची तपासणी

रश्मी एम.एस्सी. होऊन कुरकुंभच्या एका औषध कारखान्यात लागली, तेव्हा तिच्या वडिलांनी, शंकररावांनी, ओळखीच्या झाडून सगळ्यांना सांगितलं. ते दौंडच्या आठवडे बाजारात गुडघेदुखीचं तेल विकायचे. कारखान्यात मात्र कुणी विचारलं की रश्मी 'वडील शेती करतात' एवढंच सांगायची.

कारखान्यात बाम तयार व्हायचा. प्रत्येक बॅचमध्ये कापूर, निलगिरी ठरल्याइतकी आहे का, हे बघायचं काम रश्मीचं. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ होता. नमुना तापवला की त्याची वाफ लांब, बारीक नळीतून जायची. एकेक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडायचा आणि कागदावर त्याचं टोक उठायचं. टोक जेवढं भरीव, तेवढा तो घटक जास्त.

एके दुपारी तिचे वरिष्ठ, जालिंदर सर, एक बाटली घेऊन आले. "दौंडच्या बाजारातनं आणलीय. यंत्राला लावून बघू गंमत म्हणून."

हिरवं झाकण बघताच रश्मीनं ओळखलं. असली झाकणं लहानपणी तिनंच बसवली होती. सांगून टाकावं असं वाटलं, पण तिनं नुसता नमुना यंत्रात घातला.

कापराचं टोक जेमतेम उठलं. निलगिरीच्या जागी सरळ रेघ. पुढे मात्र कंगव्याच्या दातांसारखी टोकंच टोकं.

"हे तर रॉकेल!" जालिंदर सर म्हणाले. "म्हाताऱ्यानं चांगलंच उल्लू बनवलंय लोकांना."

सगळे हसले. रश्मीही हसली.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "आप्पा, तेलात काय घालता तुम्ही?"

"तिळाचं तेल आन् पुण्याच्या व्यापाऱ्याकडचा अर्क. का गं?"

तिनं यंत्रात काय निघालं ते सांगितलं. आप्पांनी अर्काचा डबा उघडून हुंगला. "वास तर कापराचाच येतोय." मग डबा तसाच हातात धरून म्हणाले, "म्हंजी मी लोकांना गुडघ्याला रॉकेल चोळाय लावलं?"

रश्मीनं त्यांच्या हातातला डबा घेऊन झाकण लावलं.

"तेल माझं हाय, असं बोललीस का तिथं?"

"न्हाई."

"बरं केलंस. तुझी मान खाली गेली असती."

तिला तिथं बसवेना. आपण हसलो, हे काही तिच्यानं सांगवलं नाही.

पुढच्या बाजाराला तीही आप्पांबरोबर गेली. त्यांनी बाटल्यांची पेटी नेलीच नव्हती. नेहमीच्या मुक्ताबाई आल्या. "आप्पा, बाटली द्या."

"न्हाई, मुक्ताबाई. त्यात रॉकेल निघालं. घरात असंल ती टाकून द्या."

"आन् इतकी वर्सं विकलीत?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. आजूबाजूचे वळून बघू लागले.

"माझीच चूक," आप्पा म्हणाले. रश्मी व्यापाऱ्याचं नाव घ्यायला पुढं झाली, तर त्यांनी तिचा हात दाबला. येईल त्या गिऱ्हाइकाला ते तेच सांगत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती जालिंदर सरांपुढं उभी राहिली. "सर, ते तेल माझ्या वडिलांचं होतं. त्यात रॉकेल आहे हे त्यांना माहीत नव्हतं. पण बाटली त्यांची आहे हे मला माहीत होतं, आणि तरी मी हसले."

सर तिच्याकडे न बघता म्हणाले, "तेव्हाच बोलायचं ना."

पुढं कितीतरी दिवस ती आत आली की लॅबमधलं बोलणं थांबायचं. आप्पा लसूण-मिरची विकू लागले. जुनं गिऱ्हाईक समोर आलं की ते खाली बघूनच वजन करायचे.