बाहेरचा कण

काळेवाडीचे भिमाजीअण्णा चाकणच्या एका बेअरिंगच्या कंपनीत तपासनीस होते. बेअरिंग बोटांवर फिरवायचं, कानाशी धरायचं आणि पास की रिजेक्ट ते सांगायचं, यात त्यांची उभी नोकरी गेली. रिजेक्टचं कारण बहुतेक एकच असे, ‘बाहेरचा कण’. त्या कणापायी त्यांनी पोरांना टोप्या घालायला लावल्या आणि एकाला तर नुसता शिंकला म्हणून लाइनीवरून घरी धाडलं. आपल्या हातून गेलेला माल कधी परत आला नाही, हे ते आम्हा शेजाऱ्यांना चहा येण्याआधीच ऐकवून टाकत.

निवृत्तीला कंपनीने शाल-श्रीफळ पुढे केलं, तर अण्णांनी बेअरिंगची जोडीच मागून घेतली. त्यांच्याकडे चारही चाकांनी ओढणारी एक जुनी गाडी होती. तिच्या पुढच्या चाकांसाठी त्यांनी स्वतः कान लावून माल निवडला. या गाडीतून जयमालाकाकूंना पवन मावळात, चढावरच्या वाडीत, माहेरी न्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. तसं ते लग्न झाल्यापासूनच कबूल करत होते, आणि दर वेळी ओव्हरटाइम आडवा येई.

खंडेनवमीला ती जोडी चौरंगावर बसली. हळदकुंकू, झेंडू, अक्षता, सगळं यथासांग झालं. दसऱ्याच्या मुहूर्तावर ती धम्मरत्न मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये गेली. बसवण्याआधी धुऊन घेऊ का, असं त्या बिचाऱ्याने विचारलं. पास झालेला माल आहे, असं अण्णांनी त्याला सुनावलं.

दिवाळीत गाडी घुमायला लागली. पुढून घूंऽऽ असा आवाज येई आणि वेगाबरोबर चढत जाई. काकू एकदा चिंचवडपर्यंत गेल्या आणि उतरताना म्हणाल्या, “आवाज उजव्या चाकात हाय. त्यो थांबल्याबिगर मी घाटात बसायची न्हाई.”

मग तपासणी सुरू झाली आणि साक्षीला मला बसवलं गेलं. मागची चाकं पुढे घातली, आवाज हलला नाही. गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, आवाज तसाच. डावीकडे वळलं की उजव्या चाकावर भार येई आणि आवाज वाढे. धम्मरत्नने एकाच फेरीत उजव्या बेअरिंगचं नाव घेतलं. अण्णांचा चेहरा असा झाला, जणू त्याने त्यांच्या खानदानावर बोट ठेवलं. कंपनीत त्यांना पाच वेळा ‘का’ विचारायची शिस्त लागली होती. त्यांनी पाचही वेळा विचारलं आणि उत्तर दर वेळी दुसऱ्याच्याच दारात नेऊन ठेवलं: टायर, रस्ता, मागच्या चाकांचा दांडा, धम्मरत्नचा पाना आणि शेवटी माझे कान. चाक उचलून हाताने फिरवलं, तेव्हा बेअरिंगची थरथर जोखायला चाकाजवळच्या स्प्रिंगवर त्यांनी स्वतः हात ठेवला होता. थरथर त्यांना लागली, मी पाहिलं. पण अण्णा म्हणाले, वयामुळे हातच थरथरतोय. माल सदोष ठरण्यापेक्षा म्हातारपण त्यांना परवडलं.

संक्रांत झाली आणि काकूंच्या भावाच्या घरची वास्तुशांत आली. काकूंनी पिशवी भरली. मी एसटीने जाते, तुम्ही आवाज शोधत बसा, असं त्या शांतपणे म्हणाल्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. अण्णा गाडी घेऊन थेट गॅरेजात गेले आणि म्हणाले, “उघड.”

धम्मरत्नने उजवं बेअरिंग काढून रॉकेलमध्ये बुडवलं. ग्रीस लालसर निघालं. रोलरच्या घासलेल्या कडेशी अर्धा तांदूळ चिकटला होता.

“अण्णा, अक्षता,” तो हळूच म्हणाला.

अण्णांनी बेअरिंग कानाशी नेलं, सवयीने एकदा फिरवलं आणि “रिजेक्ट” म्हणाले. आवाज इतका बारीक होता की मला त्यांचं वाईट वाटलं. तांदूळ मात्र त्यांनी रुमालात बांधून घेतला. नवं बेअरिंग धुऊन बसलं, गाडी मुकी झाली आणि आम्ही घरी आलो.

काकू पायरीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. काय निघालं, असं त्यांनी विचारलं.

“बाहेरचा कण,” अण्णा म्हणाले.

काकूंनी रुमाल उघडला. दाणा पदराने पुसून उजेडात धरला.

“बाहेरचा कुठला? माझ्या माहेरचा आंबेमोहोर हाय ह्यो. त्याला बसवलात गाडीत, आन मला ठिवलंत घरी.”