मायचा जबाब

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो तेव्हा माझं एकच खुनाचं प्रकरण निकालात निघायचं राहिलं होतं, आणि खून कोणी केला हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्यानंतर जे झालं ते सांगायला मला इतकी वर्षं लागली.

जालना जिल्हा नवा झाला तेव्हा मी औरंगाबादहून इकडे आलो आणि इथलाच झालो. जुन्या जालन्यात घर घेतलं, मुलांची लग्नं याच घरात केली. नोकरीची शेवटची बरीच वर्षं गुन्हे शाखेत गेली. तपासात माझा हात धरणारा कोणी नाही असं लोक म्हणायचे, आणि खोटं कशाला सांगू, मलाही तसं वाटायचं.

निवृत्तीच्या आधीच्या उन्हाळ्यात एक बाई आमच्या कार्यालयाच्या पायऱ्यांवर येऊन बसली. सोबत सात-आठ वर्षांची मुलगी. सकाळी हटकलं तर म्हणाली, मोठ्या साहेबांना भेटायचंय. दुपारी पाहिलं तर तिथंच. शेवटी साहेबांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "तुम्हीच बघा. वाटूरकडचं प्रकरण आहे. अपघात म्हणून नोंद झालीय, ही म्हणते खून."

बाईचा नवरा विहिरीत पडून मेला होता. दोघं भाऊ, विहीर एक, मोटार एक. दोघांच्या मोसंबीच्या बागा विहिरीच्या दोन अंगांना. लाईट दिवसातून काही तासच यायची, त्यामुळे आज याची पाळी, उद्या त्याची. त्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि पाळीवरून रोज तोंडातोंडी व्हायला लागली. थोरल्या भावाचं म्हणणं असं, की धाकटा मोटारीच्या पाइपाच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह बघायला वाकला, पाय घसरला आणि खाली दगडावर आपटला.

"तुम्ही होता का तिथं?" मी बाईला विचारलं.

"न्हाई. मी घरी व्हते. भाकरी घेऊन सासू गेल्ती."

"मग तुम्हाला कसं माहीत?"

"सासू परत आली तेव्हा भाकरीचं फडकं तसंच बांधलेलं व्हतं. माझ्याकडं पाह्यलं न्हाई तिनं. तेव्हापासून पाहून न्हाई राह्यली."

एवढ्यावर गुन्हा दाखल होत नाही. पण मी गेलो. हवालदाराला गाडीत थांबवलं आणि एकटाच त्या घरी गेलो. म्हातारी ओट्यावर तुरी निवडत बसली होती. मी शेजारी टेकलो. पाणी मागितलं, ते तिनं दिलं. पाऊसपाण्याचं बोललो, बागेचं बोललो. ती हूं हूं करत होती आणि सुपातले खडे काढून बाजूला टाकत होती. मी कागद काढला नाही की तिच्याकडे रोखून पाहिलं नाही. माणसाच्या पोटात एखादी गोष्ट फार दिवस राहिली की तिला बाहेर यायला थोडी जागा लागते, एवढंच मी नोकरीत शिकलो होतो.

"पाना मारला त्यानं," ती म्हणाली. सुपातच बघत. "डोक्यात. एकदाच मारला साहेब, दुसऱ्यांदा न्हाई मारला."

मी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"तो वाकलेला व्हता. यानं मारला, तो गेला खाली. मंग यानं पाना बी टाकला इहिरीत आन् मला म्हणला, माय, तू जा घरी. मंग मी आले घरी."

एकदाच, हे तिनं आणखी दोन वेळा सांगितलं. जसं काही त्या एका शब्दानं थोरल्याचं काहीतरी हलकं होणार होतं. मग हवालदाराला बोलावून मी तिचा जबाब लिहून घेतला. ती न अडखळता सांगत गेली. तेव्हा मला वाटलं, झालं. नोकरीतलं शेवटचं प्रकरण इतकं सरळ निघालं म्हणून मी मनातून खूशच होतो.

पाना शोधायचा तर विहीर उपसायला हवी होती. पंचांना बोलावलं, मोटार लावली. पाणी कुठंतरी सोडायला हवं, म्हणून ते उताराला, धाकट्याच्या बागेत गेलं. त्याची झाडं सुकायला लागली होती, पानं वळली होती. बाई बांधावर उभी होती. झाडांच्या आळ्यांमध्ये पाणी शिरताना बघून म्हणाली, "आता सोडलं पाणी."

ती कोणाला उद्देशून म्हणाली कोणास ठाऊक.

तळ लागला आणि गाळातून पाना निघाला. मग आणखी एक निघाला. मग तुटका पाइप, एक लोखंडी पहार, बादलीचं कडं आणि पुन्हा एक पाना. विहिरीवर काम करताना कोणाच्या ना कोणाच्या हातून वस्तू निसटतच असते. इतक्या वर्षांचं सगळं लोखंड आमच्यासमोर ओळीनं मांडलेलं होतं. गंजलेलं, पाण्यानं धुतलेलं. त्यातलं कुठलं, हे सांगणारी एकच व्यक्ती होती. तिला विचारलं तर ती म्हणाली, "सगळे सारखेच दिसून राह्यले."

डॉक्टरांकडे गेलो. ते भले माणूस होते. म्हणाले, "जखम पान्याची असू शकते. विहिरीच्या दगडावर आपटूनही अशीच होते. मी दोन्ही लिहिणार. एक लिहिलं तर ते खोटं होईल."

आजूबाजूच्या शेतांत त्या दुपारी कोणीच नव्हतं म्हणे. एक जण बाजाराला गेला होता, एकाचे कान दुखत होते, एक झोपला होता. मी कोणाला दोष देत नाही. त्यांना त्याच बांधावरून रोज जायचं होतं.

थोरल्याला अटक केली. तो निमूट गाडीत बसला. मी त्याला हात लावला नाही, लावूही दिला नाही. कोठडीत समोर बसून म्हटलं, "सांग." तो भिंतीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "साहेब, त्याच्या झाडाला पाणी द्यायला कोणाला तरी सांगा. बहार धरलाय त्यानं. पाण्याचा ताण बसला तर सगळा गळून जाईल."

"आणि त्याला मारलंस ते?"

त्यानं दोन्ही हात उलटे करून माझ्यासमोर धरले, जणू मी ते तपासून बघावेत. मग रडायला लागला. ते रडणं म्हणजे कबुलीच होती. पण पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, आणि हे तर नुसतं रडणं. ते कुठं लिहिणार?

म्हणजे सगळं येऊन पडलं ते म्हातारीवर. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबाला पुरावा म्हणून किंमत नसते. तोच मॅजिस्ट्रेटसमोर झाला तर वजन येतं. मी तारीख घेतली. सकाळी महिला शिपाई बरोबर घेऊन म्हातारीला आणायला गेलो. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं. सून दारात उभी होती. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. पण म्हातारी निघाली तेव्हा नात धावत येऊन तिला बिलगली आणि तिनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

परतूरच्या रस्त्याला लागल्यावर तिनं मागून विचारलं, "साहेब, मी सांगितलं तर त्याला फाशी देतील का?"

"फाशी नाही देणार बहुतेक. जन्मठेप होईल."

"म्हंजे किती?"

"बरीच वर्षं."

"मी तवर ऱ्हाईन का?"

मी पुढे रस्त्याकडे बघत होतो. म्हटलं, "माय, जे पाहिलं तेवढंच सांगायचं. पुढचं आपल्या हातात नाही."

"एक तर गेलाच," ती म्हणाली. मग हळूच, "दुसऱ्याला मीच धाडायचं का?"

महिला शिपायानं तोंड खिडकीकडे फिरवलं. तीस-पस्तीस वर्षं लोकांना बोलतं केलं, धीर देऊन, दटावून, गोड बोलून. त्या बाईला सांगण्यासारखं माझ्याजवळ एकही वाक्य नव्हतं. मी असं म्हणू शकलो असतो, की धाकट्याला न्याय मिळायला नको का. ते ओठावर आलंही. पण आपल्या दोन्ही लेकरांना ती माझ्यापेक्षा जास्त ओळखत होती.

कोर्टात मला आत जाता येत नव्हतं. मी बाहेर बाकावर बसलो. ती लवकरच बाहेर आली. फार लवकर. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कळलं.

"मी काय पाह्यलं न्हाई म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "साहेब, तुमचं नुकसान झालं का?"

"माझं नाही झालं, माय."

तिला घरी सोडायला गेलो तर सून तशीच दारात. तिनं सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. ती गाडीच्या दांडीला धरून उभी राहिली आणि मला म्हणाली, "तुम्हाला माहिती आहे ना साहेब, त्यानंच मारलं?"

"हो."

"मंग?"

माझ्याकडे कायद्याचं उत्तर होतं. ते मी तिला समजावून सांगितलं, पुरावा काय, साक्षीदार काय, शंका काय. ती ऐकून घेत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "सासूला दोन लेकरं व्हती. मला नवरा एकच व्हता." आणि मुलीला घेऊन आत गेली. थोड्या दिवसांनी ती माहेरी, टेंभुर्णीला गेली असं कळलं.

तरी मी दोषारोपपत्र पाठवलं. पुरावा लंगडा आहे हे वकिलांनी सांगितलं, वरिष्ठांनीही सांगितलं. पण प्रकरण बंद करण्यावर सही करायला माझा हात चालेना. मग निवृत्तीचा दिवस आला. शाल, श्रीफळ, भाषणं. एक तरुण अधिकारी म्हणाला, साहेबांच्या हातून एकही आरोपी सुटला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी बायको पुढच्या रांगेत होती. तिला सगळं माहीत होतं. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत.

खटला उभा राहायला आणखी दोनेक वर्षं गेली. थोरला जामिनावर बाहेरच होता. मला साक्षीचं समन्स आलं आणि मी साध्या कपड्यांत जालन्याच्या कोर्टात गेलो. म्हातारी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होती, कठड्याला दोन्ही हातांनी धरून. सरकारी वकिलांनी तिचा पहिला जबाब वाचून दाखवला. ती म्हणाली, "साहेबांनी लिहून घेतलं असंल. मला लिहाय-वाचाय येत न्हाई." बोलताना तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माफी होती की विनंती, हे मी अजून ठरवू शकलो नाही. तिला फितूर ठरवलं गेलं.

मग माझी पाळी. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, "तुमची निवृत्ती जवळ आली होती. जाता जाता एक खून उघडकीस आणला असं नाव व्हावं म्हणून अपघाताचा खून केलात, हे खरं आहे का?"

"खोटं आहे," मी म्हणालो. कोर्टात यापेक्षा जास्त बोलता येत नाही.

संशयाचा फायदा देऊन त्याला सोडलं. निकाल चूक नव्हता. समोर होता तेवढ्या पुराव्यावर मी न्यायाधीश असतो तर मीही तेच केलं असतं. बाहेर आवारात थोरला आईला हाताला धरून पायऱ्या उतरवत होता. विधवा बाई माहेरच्या भावाबरोबर दुसऱ्या टोकाला उभी होती. मी तिच्याकडे जायला निघालो आणि अर्ध्यातून परतलो.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. मला नातवंडं झाली, गुडघे गेले. एक दिवस दुपारी ती बाई दारात उभी. केस पांढरे झालेले. हातात लग्नपत्रिकांची पिशवी.

"पोरीचं लग्न आहे साहेब. तुम्ही यायला पाह्यजे."

बायकोनं तिला पाणी दिलं, चहा केला. मी पत्रिका उघडली. लग्न वाटूरकडच्या गावी होतं आणि निमंत्रक म्हणून थोरल्याचं नाव होतं. मी वर पाहिलं.

"सोयरिकीला लोक आले की पयलं तेच विचारायचे," ती म्हणाली. "पोरीचा काका कुठाय, बोलत का न्हाई, काय भानगड आहे. दोन जागा मोडल्या. मंग सासू गेली तेव्हा मी गेल्ते मातीला. तो माझ्या पाया पडला. मी काय बोलले न्हाई. त्यानंच स्थळ आणलं." चहा संपवून तिनं कप बाजूला ठेवला. "चांगलं स्थळ आहे."

मी गेलो. जावं की नाही यावर घरात फार बोललो नाही, बायकोनं धुतलेला सदरा काढून ठेवला आणि मी तो घातला. मांडवात गर्दी होती. थोरला चांगलाच म्हातारा झाला होता. कोणाला पंगतीला बसव, आचाऱ्याला ओरड, नवरदेवाच्या मामांची वास्तपुस्त कर, असा सारखा धावत होता. अक्षता पडल्या तेव्हा मुलगी त्याच्या गळ्यात पडून रडली. तिला कितपत माहीत होतं, मला ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही. तिची आई थोडी बाजूला उभी राहून दोघांकडे बघत होती. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, आणि चेहऱ्यावरून कळून घेण्यातच माझा जन्म गेला होता.

मानपानाची वेळ झाली. पाहुण्यांची नावं पुकारत होते. माझंही पुकारलं, मागे "फौजदार साहेब" असं लावून. मी उठून पुढे गेलो. टॉवेल-टोपी घेऊन समोर तोच आला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. भोवती लोक उभे होते, बँडवाले वाजवत होते, फोटोवाला म्हणत होता, "साहेब, इकडं बघा."

मी मान खाली केली. त्यानं माझ्या डोक्यावर टोपी ठेवली आणि टॉवेल खांद्यावर टाकला. मी फोटोवाल्याकडे पाहिलं.