उजवीकडचे व्याही

आमच्या वरवट बकालात पंगतीत तूप वाढावं तर माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, पुष्पांजलीबाईंनी. आग्रह असा, की पोट भरलेला माणूसही नाही म्हणेना. त्यांना लहानपणापासून फिट यायच्या, हे मात्र घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. त्यामागची मेंदूतली गाठ चार वर्षांपूर्वी मुंबईला जाऊन लेझरनं जाळून घेतली. गावात सांगितलं, बहिणीकडे गेल्यात.

फिट थांबल्या, पण दोन्ही डोळ्यांना उजवीकडचं दिसेनासं झालं. डॉक्टरांनी हा धोका आधीच सांगितला होता. सूज उतरल्यावर थोडं सुधारेलही, म्हणाले होते. सूज उतरली, नजर काही आली नाही. बाई मान वळवून बघायला शिकल्या आणि आम्ही सगळे लपवायला. मिरगीचं घर म्हटलं की मुलींना स्थळं येत नाहीत.

त्यांच्या रेवतीच्या साखरपुड्याला बाई हौसेनं तूप घेऊन उभ्या राहिल्या. मी नको म्हटलं, पण ऐकतात कशाला! घाईत मान वळवायची राहिली. रांगेच्या उजव्या टोकाला बसलेले व्याही, बीबी गावचे माणिकराव, तेवढे सोडून त्या मागे फिरल्या. माणिकराव ताटावरून उठले. पोरीच्या आईला गर्व झालाय, अशी कुजबुज मांडवभर पसरली. खरं सांगावं तर लग्न मोडणार, न सांगावं तरी मोडणार. थोरल्या भाऊजींनी बायकोला माफी मागायला पुढे केलं.

बाई व्याही-विहिणीपुढे वाकल्या. न केलेल्या अपमानाची माफी मागितली. माणिकराव विरघळले आणि बाईंच्या उजवीकडून त्यांनी नारळ पुढे केला. बाई समोरच बघत राहिल्या. नारळाचा हात तसाच राहिला आणि माणिकरावांचा चेहरा पुन्हा कडक झाला.

तेव्हा रेवती उठली. आईची हनुवटी धरून तिनं तोंड नारळाकडे वळवलं.

"मायले उजवीकळचं दिसत नाही," ती सर्वांसमोर म्हणाली. "तिले फिट येत होत्या. त्याच्या इलाजात नजर गेली."

बाईंनी तिचा हात झटकला. "काऊन सांगतलं वं?" त्या म्हणाल्या. मला रेवतीचा अभिमान वाटला आणि तिच्या थोबाडीत एक द्यावीशीही वाटली.

माणिकराव वळसा घालून बाईंच्या डावीकडे आले. नारळ त्यांच्या हातात दिला.

"तुमचा काही दोष न्हाई," ते म्हणाले. "पण लग्नाचं आता घरी बसून बोलावं लागंल."

माणिकरावांचा फोन अजून आलेला नाही. नारळ देव्हाऱ्याच्या उजव्या अंगाला ठेवलाय. बाई रोज सकाळी मान पूर्ण वळवून तो बघतात आणि मग रेवतीला विचारतात, फोन आला का.