पिल्लूशेठची तपासणी

कुत्र्यांची पिल्लं विकणाऱ्या त्या गृहस्थाला सगळी गल्ली पिल्लूशेठ म्हणायची. पिल्लू नेणारा माणूस कसा आहे, याची चौकशी त्यानं जन्मात केली नव्हती. मग कायदा कडक झाला. परवान्याशिवाय पैदास बंद आणि म्हाताऱ्या मादीला पुन्हा पिल्लं होऊ द्यायची नाहीत. पिल्लूशेठनं हात टेकले, पिंजरे भंगारात घातले. बाकीची कुत्री गेली. मागं राहिली ती लोंबत्या पोटाची, थकलेली मादी. तिच्या पिल्लांवरच हे घर उभं राहिलं होतं, पण आता तिला कोणी फुकटही नेईना.

"राहू दे आपल्याकडेच," बायको म्हणाली. पण नुसतं पाळायचं म्हटलं तरी आता तपासणी होती.

तपासणीला आलेल्या बाईंनी अंगण पाहिलं, पाण्याचं भांडं पाहिलं. "हिचं नाव काय?"

पिल्लूशेठ गडबडला. "मादीच म्हणतो आम्ही."

"ठकू," स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली. मादी धडपडत उठली आणि शेपूट हलवत तिच्याकडे गेली.

"हे कधीपासून?" त्यानं बायकोला विचारलं.

"तुम्ही पिल्लं पोचवायला जायचात ना, तेव्हा रडायची ती. काहीतरी हाक मारायला हवी होती."

बाईंनी परवानगी दिली, पण बायकोच्या नावानं. "हे तिला फिरवून आणू शकतात," त्या म्हणाल्या, "तुमचं लक्ष असेल तर."

संध्याकाळी पट्टा धरून तो निघाला. कोपऱ्यावर, कोणी ऐकत नाही असं बघून, हळूच म्हणाला, "ठकू."

तिनं वळूनही पाहिलं नाही.