मनोरमाताईंचं डोकं कुणी तपासायचं

मनोरमाताईंना आता माणसं ओळखू येत नाहीत, ही बातमी शारजातल्या आमच्या इमारतीत लिफ्टच्या आधी सहाव्या मजल्यावर पोचली. पोचवणाऱ्यांत मीही होतो, नाकारत नाही. दुसऱ्या दिवशी दार वाजवलं, तर बाईंनी मला ओळखलंच, वर दिवाळीला नेलेला सोऱ्या परत मागितला.

झालं होतं एवढंच: पक्षाघाताचा हलका झटका, नऊ दिवस हॉस्पिटल, जीभ जराशी जड. एका क्लिनिकच्या लॅबमध्ये वीस वर्षं रक्त तपासणारी ही बाई. नळीवर नाव नसेल तर मोठ्या डॉक्टरलाही परत पाठवणारी. पण स्वतःच्या मुखत्यारपत्रावर न वाचता सही केली, कारण नमुना आमच्या इथल्या मराठी मंडळाचा. कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट मिळाली की आम्ही सगळे व्हॉट्सॲपवरून तोच घेतो, नाव बदलतो, यल्ला, खलास. त्यांना तो मीच पाठवला होता.

त्यात म्हटलं होतं, मी असमर्थ झाले तर नाशिकच्या फ्लॅटचे सगळे निर्णय भाचा कैवल्य घेईल. असमर्थ झाले हे ठरवायचं कुणी? एक ओळ नाही. डॉक्टरचा दाखला नाही, दुसऱ्याची सही नाही. मग साहेबांनी स्वतःच ठरवलं. फोनवर मावशीचे दोन शब्द अडखळले, तर याने नात्यात तीच आवई उठवली आणि फ्लॅटला गिऱ्हाईक उभं केलं. नोकरी संपल्यावर बाईंना परतायला तेवढंच एक घर.

बाई आधी माझ्यावर भडकल्या. "शैलेंद्र, तुम्ही तरी तो वाचला होता का?" नव्हता. माझ्या धाकट्या भावाकडे माझ्या सहीचा तसाच पडलाय.

आठवड्यात त्यांनी जुना कागद रद्द केला, गिऱ्हाइकालाही नोटीस धाडली. नव्या कागदाची ओळ न् ओळ वकिलाकडून वाचून घेतली. दोन डॉक्टरांचा लेखी दाखला हवाच. सोबत अस्मीची सही. ही कैवल्यची सख्खी बहीण, इकडेच अमिरातीत, मोहम्मद बिन झायद सिटीत राहते आणि भावाची एक थाप खपवून घेत नाही. घर विकायचा अधिकार तर कुणालाच नाही.

मग कैवल्यचा फोन आला. मावशीची कंडिशन बघता सगळं तिच्या भल्यासाठीच चाललं होतं म्हणे. स्पीकरवर ऐकणारा मीच भडकलो. बाई मात्र सावकाश, एकेक शब्द जुळवत बोलल्या:

"कैवल्य, माझी जीभ अडखळते, डोकं नाही. उद्या तेही बिघडलं तर डॉक्टर सांगतील. तुला कुणी विचारलेलं नाही."