कोपऱ्यातलं अक्षर

निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली, तरी कळंबच्या घराचं फाटक वाजलं की मी आधी खिडकीच्या फटीतून बघतो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

नोकरी जुन्नरला, एका कचेरीच्या रेकॉर्डरूममध्ये. कागद वाचायचा आणि कोपऱ्यात अक्षर टाकायचं. अ म्हणजे कायम ठेवायचा. ब म्हणजे तीस वर्षं, मग नष्ट. नवा असताना एका दप्तरात मला बासष्टच्या चीनच्या लढाईच्या वेळचा कागद सापडला. तेव्हा बाजारपेठेत दात बसवणारा एक चिनी होता, तिकडच्या जुन्या लढाईतून जीव वाचवून इकडे आलेला. ही लढाई लागली तसं त्याला बायकापोरांसकट उचललं, कोठडीत ठेवलं, छावणीत धाडलं आणि पुढे देशाबाहेर घालवून दिलं. कागद म्हणजे कोठडीत त्याला तपासणाऱ्या डॉक्टरचा दाखला. मी तो दोनदा वाचला आणि घाबरलो.

"याला अ टाकू का?" मी मोठ्या कारकुनांना विचारलं.

"आन् जन्मभराची डोकेदुखी कशाला? तीस वर्षं भरली. ब टाक, सुंठीवाचून खोकला जाईल."

मी ब टाकला. त्याच महिन्यात दप्तर जाळलं. नष्ट केलेल्या कागदांच्या यादीवर सही माझी.

गेल्या महिन्यात भर दुपारी फाटक वाजलं. सत्तरीची बाई, चेहरा परका. बोलली मात्र जुन्नरच्या जुन्या बाजारातल्या बायांसारखी. "लई लांबून आले, भाऊ. दातवाल्याची पोरगी मी. नऊ वर्साची व्हते, गाडीत घातलं तवा."

मी तिला ओट्यावर बसवलं आणि चहा ठेवला. बापाच्या तपासणीचा दाखला तिने कचेरीकडे मागितला होता; असा कागद आढळून येत नाही, असं लेखी उत्तर तिला मिळालं होतं. रेकॉर्डला त्या काळी कोण होतं, हे विचारत विचारत ती माझ्यापर्यंत आली होती. कोठडीत तिच्या बापाचा उजवा हात मोडला, त्याला पुन्हा कुणाचा दात बसवता आला नाही. पाय घसरून पडलो, असंच तो मरेपर्यंत सांगत राहिला.

"पडून मोडला, का कुनी मोडला? तुमी वाचलं आसंल. तेवढंच सांगा."

मला चौकशी दिसली, अडकलेली पेन्शन दिसली, यादीवरची सही दिसली. "आठवत न्हाई, ताई," मी म्हणालो.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. "आसू द्या," म्हणाली, चहा संपवला, आपला परदेशातला पत्ता लिहून दिला आणि एसटीने गेली.

आठवतं सगळं. पाठीवर काठीचे वळ, उजव्या हाताची हाडं तीन ठिकाणी मोडलेली. पुढे डॉक्टरने लिहिलं होतं, 'पडून नव्हे', आणि त्याखाली रेघ ओढली होती.

आज मी हे सगळं लिहून काढलं, खाली सही केली आणि सवयीने कोपऱ्यात अक्षर टाकलं. अ. पाकिटावर तिचा पत्ता घातला. पोस्ट चौकातच आहे. तीनदा गेलो, तीनदा परत आलो. पाकीट अजून खिशात आहे.